मुंबईतला म्हातारा भाडेकरू

मुंबईत भाड्याने राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेचा म्हातारा गिरगावात, परळला नाहीतर माझगावला जुन्या इमारतीतल्या दोन खोल्यांत राहतो. महिन्याचं भाडं दोन-तीनशे रुपये, म्हणजे बाहेरच्या एका जेवणाएवढं. भाडेपावती पुष्कळदा अजून त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर असते. मालकाला तो नकोसा झालेला असतो, पण मालक त्याला हलवू शकत नाही. दुसऱ्या तऱ्हेचा म्हातारा अंधेरी, मालाड किंवा मुलुंडला कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये राहतो. पहिल्याच्या शंभरपट भाडं देतो, तेही वेळेवर देतो, आणि कराराचा शेवटचा महिना जवळ आला की मालकाचा फोन काय सांगतो याची वाट बघत बसतो.

गंमत म्हणजे ही दोन माणसं पुष्कळदा एकच असतात. इमारत पुनर्विकासाला गेली की पहिला म्हातारा सामान बांधून जिना उतरतो आणि रस्त्यावर येईपर्यंत दुसरा म्हातारा झालेला असतो. वय तेच, पेन्शन तीच, गुडघे तेच. फक्त पत्ता बदलतो, आणि पत्त्याबरोबर त्याला लागू होणारा कायदा बदलतो.

म्हाताऱ्या माणसांना मुंबईत भाड्याने घर मिळत नाही, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. तिचं सोपं उत्तर म्हणजे मालक लोक खडूस झालेत. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. मालकांचा स्वभाव बदलला असेल-नसेल, पण त्यांची भीती कुठून आली हे कायद्याच्या तारखांमध्ये लिहिलेलं आहे. गेल्या शंभर वर्षांत या शहराने भाडेकरूला मोठं संरक्षण दिलं, पण ते दिलं खोलीला चिकटवून. माणूस खोलीबाहेर पडला की संरक्षण आतच राहतं. म्हातारपणी हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

म्हातारपण गावाकडे

सुरुवातीची मुंबई म्हाताऱ्यांसाठी नव्हतीच. गिरण्या आणि गोदी यांना तरुण हात हवे होते. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून पुरुष यायचे, बायका-मुलं बहुधा गावीच राहायची. गिरणगावात एकेका गावाच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्या असत. पाळ्यांप्रमाणे माणसं आळीपाळीने झोपत, भाडं वाटून घेत, जेवायला खाणावळीत जात. अशा खोलीत एखादा पासष्टीचा माणूस दिवसभर पडून राहील, ही कल्पनाच व्यवहारात बसणारी नव्हती. वय झालं की नोकरी मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावे लावायची खटपट करायची, खोलीतली जागा त्याच्या हवाली करायची आणि बोट धरून कोकणात परत जायचं. निवृत्तीची व्यवस्था शहराने गावाकडे सोपवली होती. गावात घर होतं, थोडी शेती होती, आणि पडवीत बसून खोकायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

शहराने घरांचा विचार सुरू केला तो १८९६ च्या प्लेगनंतर. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणं, रुंद रस्ते काढणं आणि त्याबरोबर चाळी बांधणं हे त्याचं काम. बीआयटी चाळी म्हणतात त्या याच. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. आराखड्यातली ही खोली कामगारासाठी होती. तिच्यात माणूस म्हातारा होईल आणि रात्री तीनदा उठून सामाईक संडासापर्यंत चालत जाईल, हे त्या नकाशात कुठे नाही.

म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत म्हाताऱ्या भाडेकरूचा प्रश्न नव्हता, कारण म्हातारा भाडेकरू फारसा नव्हता. तो निर्माण झाला पुढच्या तीन-चार दशकांत. त्याला निर्माण केलं भाडेनियंत्रणाने, आणि मी हे कौतुकाने म्हणतोय.

१ सप्टेंबर १९४०

भाडेनियंत्रण हे युद्धाचं अपत्य. पहिल्या महायुद्धात शहरात माणसं वाढली, बांधकाम थांबलं, भाडी भडकली. म्हणून १९१८ मध्ये मुंबईत पहिला भाडे कायदा आला. त्याच्या नावातच 'युद्ध निर्बंध' हे शब्द होते. पुढच्या दशकाच्या अखेरीस तो संपला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, १९३९ मध्ये, पुन्हा नवा कायदा आला. आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, आला तो ज्याला मुंबईकर नुसतं 'रेंट ॲक्ट' म्हणत राहिले. फेब्रुवारी १९४८ पासून तो अमलात आला.

या कायद्याच्या मुळाशी एक तारीख होती: १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जागेचं जे भाडं होतं ते तिचं 'प्रमाण भाडं'. नंतर पहिल्यांदा भाड्याने गेलेल्या जागेचं पहिलं भाडं हेच प्रमाण. करांपोटी वगैरे काही वाढ चालायची, पण मूळ आकडा गोठलेला. भाडेकरू प्रमाण भाडं देत असेल आणि अटी पाळत असेल तोवर मालकाला त्याला काढता येत नव्हतं. काढायचं तर कायद्याने मोजून दिलेल्या कारणांपैकी एक सिद्ध करावं लागे. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणारं कुटुंबातलं माणूस भाडेकरू होई.

यातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. मालकाने 'मला स्वतःला राहायला जागा हवी' असं सांगितलं, त्याची गरज खरी ठरली, तरी कोर्टाने आणखी एक गोष्ट बघायची होती: हुकूम दिल्याने जास्त हाल कुणाचे होतील, मालकाचे की भाडेकरूचे? भाडेकरूचे जास्त होणार असतील तर हुकूम द्यायचा नाही. या तराजूत वय, आजारपण, दुसरी जागा आहे की नाही, हे सगळं घालता येत होतं. म्हातारपणाला कोर्टात वजन मिळालं ते इथे.

परिणाम असा झाला की गिरणीत किंवा फोर्टातल्या कचेरीत नोकरी केलेला माणूस पहिल्यांदाच मुंबईत म्हातारा होऊ शकला. भाडं माहीत होतं, ते पेन्शनीत किंवा प्रॉव्हिडंट फंडाच्या व्याजात बसत होतं, उद्या कुणी बाहेर काढेल ही भीती नव्हती. मग बायको गावाहून आली, मुलं इथल्या शाळेत गेली, नातवंडं त्याच खोलीत झाली. चाळीतल्या म्हाताऱ्यांबद्दल आपण जे हळवं होऊन बोलतो, म्हणजे ती गॅलरी, ती आरामखुर्ची, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी, ते सगळं गोठलेल्या भाड्यावर उभं होतं. सोबत करणारे शेजारी होते हे खरं, पण शेजारी तीस-तीस वर्षं तेच राहिले, कारण त्यांनाही हलावं लागलं नाही.

कुलूप

या व्यवस्थेची किंमत कुणीतरी देत होतं, आणि ते सरकार नव्हतं. म्हाताऱ्या भाडेकरूचा सगळा भार कायद्याने त्याच्या मालकावर टाकला होता. मालकानेही तो आपल्या परीने झटकला. १९४० च्या भाड्यात १९६० सालची दुरुस्ती होत नाही, म्हणून त्याने दुरुस्ती सोडली. लाकडी जिने कुजले, सज्जे खाली आले, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. शेवटी १९६९ मध्ये सरकारने खास कायदा करून दुरुस्ती मंडळ आणलं आणि शहर भागातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा उपकरप्राप्त इमारती तेव्हा १९ हजारांहून अधिक होत्या.

दुसरीकडे पागडी रुजली. भाडं वाढवता येत नाही, मग जागा देतानाच एकरकमी पैसे घ्यायचे. ते बेकायदा होतं, आणि सगळे करत होते. भाडेकरू जागा सोडताना नव्या माणसाकडून पागडी घेई आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देई. अर्धी मालकी आणि अर्धं भाडेकरूपण असा हा विचित्र संकर मुंबईने जन्माला घातला. ज्याच्याकडे पागडीची जागा होती त्याच्याकडे म्हातारपणाची पुंजी होती, पण ती जागेतच होती. जागा न सोडता तिचा उपयोग नव्हता, आणि म्हातारपणी जागा सोडून जाणार कुठे?

तिसरी गोष्ट सगळ्यात दूरगामी. नवं घर भाड्याने द्यायलाच लोक घाबरू लागले. सहकारी सोसायट्यांची परंपरा मुंबईत जुनी, गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. १९६३ मध्ये महाराष्ट्रात ओनरशिप फ्लॅटचा कायदा झाला आणि मध्यमवर्ग विकतच्या घरांकडे वळला. ज्यांच्याकडे जास्तीचा फ्लॅट होता त्यांनी 'भाडेकरू' हा शब्दच टाळला आणि 'लिव्ह अँड लायसन्स' शोधलं: तुला मी भाड्याने देत नाही, फक्त राहायची परवानगी देतो. काही वर्षं ही पळवाट चालली. मग १९७३ मध्ये दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसन्सवर राहत होता, तो कायद्याने भाडेकरू झाला. रात्रीत हजारो माणसांच्या डोक्यावर छप्पर पक्कं झालं. आणि रात्रीत मुंबईतल्या प्रत्येक फ्लॅटमालकाने एक धडा घेतला: परक्या माणसाला किल्ली दिली की ती परत येईलच असं नाही.

हा धडा घेणारी पिढी आता स्वतः म्हातारी आहे, पण धडा मुलांपर्यंत पोहोचलाय. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत एक आकडा आहे: भारतातल्या शहरांत भाड्याने राहणाऱ्यांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, २०११ मध्ये ते २८ टक्क्यांवर आलं. त्याच पाहणीनुसार, २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. लाखो माणसं जागा शोधतायत आणि लाखो घरांना कुलूप आहे. सगळी कुलपं रेंट ॲक्टने लावलेली नाहीत. घर म्हणजे गुंतवणूक, हेही त्यात आलं. पण कुलूप सुरक्षित आणि माणूस धोक्याचा, हा हिशेब या इतिहासातून आला आहे.

दोन कायदे, एक शहर

१९४७ चा कायदा मुळात मुदतीचा होता. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडं असं अनंत काळ गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. कायद्याची मुदत मार्च १९९८ मध्ये संपतच होती, म्हणून न्यायालयाने तो रद्द केला नाही. नवा करा, एवढंच बजावलं. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

नव्या कायद्याने जुन्या भाडेकरूंना सांभाळलं. भाडं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा मालकाला मिळाली, पागडी कायदेशीर झाली, आणि 'जास्त हाल कुणाचे' हा तराजूही राहिला. त्याच कायद्यात कलम २४ आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच मालकाला परत मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी लायसन्सधारकाला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. इथे तराजू नाही. माणूस तिशीचा आहे की ऐंशीचा, त्याचं कालच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, हे प्रश्न येत नाहीत. करारावरची तारीख बघायची, बस्स.

मालकांच्या बाजूने बघितलं तर हे न्याय्यच होतं. कलम २४ नसतं तर कुलपं आणखी वाढली असती. माझ्यासारखे पंचविशीत मुंबईत आलेले लोक या कलमामुळेच कुठेतरी राहू शकले. आम्हाला तसंही दोन वर्षांत नोकरी बदलायची असते, घर बदलायचं काही वाटत नाही. पण कायद्याने जो भाडेकरू गृहीत धरला तो असा तरुण, पगारदार आणि हलका आहे. चार बॅगा आणि एक टेम्पो.

फिल्टरमध्ये न बसणारी माणसं

हे सगळं मी वाचायला लागलो त्याला घरचं निमित्त होतं. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ आणि त्यांची बायको, आम्ही त्यांना आबा आणि काकीआजी म्हणतो, गिरगावात तीनमजली पागडीच्या इमारतीत राहत. आबा अठ्ठ्याहत्तर, काकीआजी चौऱ्याहत्तर. इमारत पुनर्विकासाला गेली, बिल्डर नवं घर होईपर्यंत महिन्याला ठरावीक भाडं देणार असं ठरलं. मुलगी नाशिकला, म्हणून तात्पुरतं घर शोधायचं काम माझ्याकडे आलं, 'तू कॉम्प्युटरवाला' या पात्रतेवर.

घर शोधायच्या ॲपवर 'भाडेकरू कोण' असा रकाना असतो. पर्याय साधारण तीन: कुटुंब, बॅचलर, कंपनी. मी असे रकाने बनवण्याचंच काम करतो, त्यामुळे ते कुठून आले याचं कुतूहल वाटलं. 'कंपनी' हा पर्याय का असावा? उत्तर १९९९ च्या कायद्यात सापडलं. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपनीला या कायद्याचं संरक्षणच नाही. म्हणजे ती चिकटून बसण्याची भीती नाही, म्हणून ती मालकांना प्रिय. अकरा महिन्यांचंही तसंच. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ते टाळायला अकरा महिने आले. महाराष्ट्रात आता कलम ५५ प्रमाणे प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. कारण संपलं तरी अकराचा आकडा राहिला. करार अकरा, बावीस, तेहतीस महिन्यांचे होतात. आमच्या धंद्यात अशा जुन्या कोडला कुणी हात लावत नाही, कारण ते का लिहिलं हे कुणाला आठवत नसतं.

आबा-काकीआजी 'कुटुंब' या पर्यायात बसायला हवेत. पण मालकांच्या मनातलं कुटुंब म्हणजे नोकरी करणारा नवरा, बायको आणि शाळेत जाणारं मूल. फोनवर दोघांचंही वय सांगितलं की आवाज बदलायचा. कुणी उद्धट नव्हतं, उलट जरा जास्तच गोड बोलायचे.

"काका, तुमच्याबद्दल काहीच नाही हो. पण उद्या काही झालं, तर आम्ही धावपळ करणार का?"

"अहो, धावपळ आमची मुलं करतील. तुम्ही भाडं मोजा," आबा म्हणायचे.

"मुलं कुठे असतात?"

"मुलगी नाशिकला."

मग शांतता, आणि 'मिसेसना विचारून कळवतो.'

या नकाराच्या मागे काय असतं ते हळूहळू कळलं. पगाराची स्लिप नाही. पेन्शन आणि बँकेतल्या ठेवींचं व्याज हे मालकाला उत्पन्न वाटत नाही. घरात कुणी वारलं तर पुढे घर उठणार नाही, हा समज. आणि सगळ्यात खाली, नीट न उच्चारलेली भीती: मुदत संपली आणि ही माणसं आजारी असली तर मी यांना बाहेर कसं काढू? कायदा माझ्या बाजूने असेल, पण शेजारी माझ्या बाजूने असतील का? म्हणजे कलम २४ ने जो तराजू काढून टाकला तो मालकाच्या मनात शिल्लक आहे. म्हाताऱ्या माणसाचे हाल त्याला दिसतात. म्हणूनच तो त्याला आत घेत नाही.

एका एजंटने 'हेवी डिपॉझिट' सुचवलं. मालकाला मोठी रक्कम बिनव्याजी द्यायची, मग महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं. निवृत्तीची रक्कम हातात असलेल्या माणसाला हे आकर्षक वाटतं. पण आयुष्याची पुंजी एका माणसाच्या शब्दावर ठेवायची, आणि निघायच्या दिवशी त्याच्याकडे पैसे नसले तर करायचं काय? काकीआजींनी एका वाक्यात विषय संपवला, "पागडी बरी होती, निदान जागा तरी ताब्यात असायची."

शेवटी मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेलं घर मिळालं. मालकाची अट एकच होती: करार माझ्या नावावर करायचा. त्याला पगारदार माणूस हवा होता. सोसायटीला काहीच अडचण नव्हती. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के बिनभोगवटा शुल्क घेता येतं, ते मालक भरणार होता. कागदोपत्री लायसन्सधारक मी, आबा-काकीआजी माझे कुटुंबीय. मी तिथे एक रात्रही राहत नाही. गिरगावातली पावती अखेरपर्यंत आबांच्या वडिलांच्या नावावर राहिली. मुलुंडचा करार नातवाच्या नावावर. त्यांच्या स्वतःच्या नावाचा घराचा एकच कागद आहे, बिल्डरबरोबरचा, आणि ते घर अजून बांधायचंय.

म्हातारपणाचं भाडं कुणी भरायचं

आपल्या साहित्यात म्हाताऱ्यांचा घराचा प्रश्न आला नाही असं नाही. १९७० साली रंगमंचावर आलेल्या 'नटसम्राट'मधला अप्पासाहेब बेलवलकर बेघरच होतो. दळवींच्या 'संध्याछाया'तलं जोडपं घरात असून एकटं पडतं. पण दोन्हीकडे दोष पोरांकडे जातो. म्हाताऱ्याला मुलांनी बघावं, नाहीतर वृद्धाश्रमाने. मधली तिसरी वाट, म्हणजे त्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर घर भाड्याने घेऊन राहावं, ही आपल्या कल्पनेत फारशी नाही.

ती कायद्यातही नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा केंद्रीय कायदा चांगला आहे. साठीपुढच्या आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेली मालमत्ता, त्यांनी सांभाळलं नाही तर परत मिळवता येते. जिल्ह्यात किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा असंही त्यात म्हटलंय. म्हणजे या कायद्यात म्हातारा माणूस आई किंवा बाप आहे, मालमत्तेचा मालक आहे, किंवा निराधार आहे. भाडेकरू तो कुठेच नाही. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, लिफ्ट आणि दारांच्या रुंदीपर्यंत विचार केला. पण ती बिल्डरने विकायच्या घरांसाठी आहेत.

दुसरं काही करता येतं का, असा प्रश्न पडला तर न्यूयॉर्कचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तेही महाग शहर, तिथलंही भाडेनियंत्रण युद्धांच्या काळात आलेलं. तिथे १९७० पासून एक योजना आहे. भाडेकरू ६२ वर्षांचा किंवा मोठा असेल, नियंत्रित भाड्याच्या घरात राहत असेल आणि त्याच्या कुटुंबाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल, तर त्याचं भाडं गोठवता येतं. इथवर ते आपल्या रेंट ॲक्टसारखंच. फरक पुढे आहे. भाडं जेवढं वाढायला हवं होतं तेवढी रक्कम शहर मालकाला मालमत्ता करात वळती करून देतं. योजनेच्या मर्यादा उघड आहेत, मुळात नियंत्रित घर हातात असावं लागतं. पण हिशेब सरळ आहे: म्हाताऱ्याला सवलत द्यायची तर ती सगळ्या शहराने द्यायची, एकट्या मालकाने नाही. मग मालकाला म्हातारा भाडेकरू शिक्षा वाटत नाही.

मुंबईने हा हिशेब कधी केलाच नाही. १९४७ मध्ये तो मालकावर ढकलला. मालकाने पडझडीच्या रूपाने तो इमारतीवर ढकलला. आता पुनर्विकासात तो बिल्डरवर ढकललाय, आणि बिल्डर तो वाढीव मजले विकून नव्या खरेदीदाराकडून वसूल करतो. हे चालतं तिथे फार छान चालतं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, तेही मोफत आणि मालकीचं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांचं मला मनापासून बरं वाटलं. घरातल्या घरात संडास असणं ही सत्तरीत किती मोठी गोष्ट आहे, हे मला काकीआजींनी सांगितलंय.

पण ही लॉटरी खोलीला लागते. ज्याच्या आजोबांनी १९३५ साली ती खोली घेतली त्याला ती लागते, आणि ज्याच्या आजोबांनी घेतली नाही त्याला नाही. आयुष्यभर लायसन्सवर राहणारी आमची पिढी म्हातारी होईल तेव्हा तिच्याकडे पावतीही नसेल आणि पागडीही. आमच्यातले काही घर विकत घेतील, पुष्कळांना ते जमणार नाही. तेव्हा शहरात साठीपुढचे लाखभर लायसन्सधारक असतील आणि प्रत्येकाचा करार एका तारखेला संपत असेल. गावाकडे पडवी असेलच असंही नाही.

उपाय फार अवघड नाहीत. साठीपुढच्या माणसाला लायसन्स देणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सूट देता येईल. अशा कराराची मुदत किमान पाच वर्षं ठेवता येईल, आणि मुदत संपताना आजारपण असेल तर काही महिन्यांची सवलत देऊन त्या काळाचं भाडं पालिकेने भरता येईल. पेन्शन हे उत्पन्न आहे, एवढं तरी नोंदणीच्या फॉर्मवर छापता येईल. यातली एकही गोष्ट मालकाची किल्ली काढून घेत नाही. १९७३ ची भीती जागी न करता म्हाताऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नावावर घर देता येतं. त्यासाठी संरक्षण भिंतींवरून काढून माणसाच्या हातात द्यावं लागेल, आणि त्याचं बिल कुणा एकाच्या नावावर न फाडता शहराने वाटून घ्यावं लागेल.